विहीणबाईंच्या शेगडीची मोटर

हमद टाउन, शुक्रवार, १४ नोव्हेंबर

विहीणबाई प्रभावतीबाईंना लीलाबाईचा जय भीम.

या कागदावर बोलणं माझं आहे आणि अक्षर तुमच्या लेकीचं. माझा फोन आला की तुम्ही तो वाजून वाजून थकेपर्यंत बघत बसता, हे तुमच्या लेकानं, निहारनं मला सांगितलंय. पोराला रागावू नका, मीच खोदून विचारलं. पण मेधाचं अक्षर दिसल्यावर तुम्ही कागद खाली ठेवणार नाही. ती लिहील, फोटो काढून निहारच्या फोनवर पाठवेल, तुम्ही चष्मा लावाल. फोन कापता येतो, लिहिलेलं कापता येत नाही. आणि मेधा मधलं काही गाळेल अशी आशाही ठेवू नका. लिहून झालं की मी परत वाचून घेते. अक्षर येत नसलं तरी मी काय बोलले ते मला पाठ असतं.

(आई, खरंच वाचून घेतात. — मेधा)

तर मुद्द्यावर येते. परवा मेधानं तुम्हाला विचारलं, "आई, बाळंतपणाला येशील ना?" तुम्ही म्हणालात, "कशी येऊ गं? आमची शेगडी बंद पडली."

एवढंच. पोरीनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा नसताना डोळे पुसत उभी राहिली. मी विचारलं तर म्हणते, मसाला उडाला. चुलीवर दूध होतं, विहीणबाई. दुधाचा कोणता मसाला उडतो?

मग मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. तुमच्या आयर्लंडच्या घरात लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणारी शेगडी आहे, तिच्या आत पंखा आहे, तो गरम हवा घरात ढकलतो, आणि त्या पंख्याची मोटर जळली. पंखा नाही म्हणून शेगडी तापते आणि आपली आपण विझते. ती बनवणारी कंपनी बुडाली. घरमालक म्हणतो, नवीन बसवून देतो, पण उन्हाळ्यात. निहार आणि सूनबाई दोघंही इस्पितळात नोकरीला, तोवर तुमच्याशिवाय घरात राहून जुन्या चुलाण्यात लाकडं घालायला कोणी नाही. घर गार पडलं तर नळातलं पाणी गोठेल म्हणे.

बाप्पा! न येण्याची कारणं मी खूप ऐकली. गुडघे ऐकले, व्हिसा ऐकला, लग्नसराई ऐकली. हे कारण मात्र नवंकोरं आहे. मी तुमच्या जागी असते तर मलाही सुचलं नसतं.

म्हणून मी ठरवलंय. मोटर मी शोधते. तुम्ही हसाल की बहारीनसारख्या गावात, जिथे नोव्हेंबरात आम्ही पंखा लावून झोपतो, तिथे ही म्हातारी शेगडीची मोटर शोधणार! हसा. पण इथे घराघरात, दुकानादुकानात हवा ढकलायच्या मोटरी आहेत, आणि माझा विश्वजीत त्याच दुरुस्त करून पोट भरतो. मोटरीला काय कळतं, गरम हवा ढकलतेय की गार? सासूनं ढकलायला सांगितलं की ढकलते बिचारी, सुनेसारखी.

(हे वाक्य मी निषेधासह लिहिते आहे. — मेधा)

विश्वजीतला चार गोष्टी हव्यात. पाटीचा फोटो, दांड्याची जाडी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि मोटर कोणत्या बाजूनं फिरत होती ते. पाटी करपून काळी झाली असं निहार म्हणतो. बरं झालं. आता तुम्ही, मी आणि माझा विश्वजीत, तिघंही सारखेच अडाणी. जाडी आणि अंतर निहारनं मोजावं. फिरायचं मात्र तुम्ही सांगा, कारण त्या शेगडीसमोर दिवसभर तुम्हीच बसता.

उत्तर मला नको, मेधाला द्या. मला माहीत आहे तुमचा स्वभाव.

लीलाबाई


हमद टाउन, शनिवार, २२ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमचा निरोप पोचला. "लीलाबाईंना सांग, जात्यासारखी फिरते." वा! सहा वर्षांत माझ्या नावानं आलेलं तुमचं हे पहिलं वाक्य. मी ते मेधाकडून तीनदा वाचून घेतलं. विश्वजीत म्हणाला, "जात्यासारखी म्हणजे? क्लॉकवाइज म्हणा ना." मी म्हटलं, बाबा, तुझ्या घड्याळाच्या आधीपासून आम्ही दोघी ज्वारी दळतोय. प्रभावतीबाई तिकडे राळेगावात, मी इकडे हिंगणघाटात, पण खुंटा दोघींचा एकाच बाजूनं फिरला. तुझं काम तू कर.

आज त्याची सुट्टी. सकाळीच मला गाडीत घातलं. मेधा म्हणाली, "अहो आई, तुम्ही कशाला? धूळ असते, गॅरेजं असतात." मी म्हटलं, मोटर कोणाच्या विहिणीची आहे?

आधी मीना सलमानला गेलो. तिथे ओळीनं वर्कशॉप. प्रत्येक ठिकाणी विश्वजीत फोटो दाखवी, माणूस फोटो बघे, मला बघे आणि म्हणे, "हीटर? मफी, नहीं है." एक जण तर म्हणाला, "अम्मा, हीटर चाहिये तो जुलाई में बाहर बैठो." मी त्याला म्हटलं, बेटा, माझ्या विहिणीनं जुलैत आत बसून दाखवलंय.

त्याला काय कळणार? तुम्हाला कळलं. आता विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकू.

आपली नात मैत्री जन्मली तेव्हा तुम्ही आलात. भर जुलै. बाहेर चप्पल ठेवली तर वाकडी व्हावी असं ऊन. आणि तुम्ही म्हणालात, एसी बंद, बाळंतिणीला वारं लागेल. मी लावायची, तुम्ही बंद करायच्या. मला अक्षर येत नाही, पण त्या रिमोटवरचं गारव्याचं बटण मला डोळे मिटून सापडतं. मग तुम्ही रिमोट उशीखाली घेऊन झोपायला लागलात. मग बाजेखाली शेगडी आली, निखारे आले, ओव्याची धुरी आली, आणि छताला लावलेलं ते धुराचं गोल यंत्र किंचाळायला लागलं. आठ मजल्यांची माणसं खाली. लुंगीवाले, अबायावाल्या, तोंडाला दाढीचा साबण लावलेला तो बँकवाला. वॉचमननं विचारलं, "आग किधर है?" आणि मी हसले.

हसले, हे खरं आहे. अजूनही आठवलं की हसते. तुम्ही त्याच आठवड्यात तिकीट काढलंत. पण एक गोष्ट तुम्ही बघितली नाहीत, कारण तुमची पाठ माझ्याकडे होती. मेधाही हसत होती. पोर छातीशी, घामानं डबडबलेली, आणि बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसत होती.

(हो. — मेधा)

असो. मीना सलमानला एकाकडे मोटर मिळत होती, दुकानातल्या थंड कपाटाची. मी खूश. विश्वजीत म्हणाला, "आई, ही गारठ्यात राहायची सवय असलेली. शेगडीत घातली तर आतलं वंगण वितळून बसेल." म्हणजे माणसासारखंच आहे तर. मग आमची वरात हिद्दला, दत्तारामच्या गोदामात. हा मालवणचा, बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान घेतो. गोदामात शिरल्यावर वाटतं, साऱ्या बहारीनचा संसार मोडून इथे आणून टाकलाय.

तो म्हणाला, "आजी, बसा. शेगडीची मोटर तर खलास. पण पॅटिस भाजायच्या भट्टीची आहे. तिच्यातही पंखा असतो, गरम हवेतच जन्म गेला तिचा." मी म्हटलं, दाखव. भोकं जुळली. दांडा जुळला. तुमची वीज आणि आमची वीज सारख्याच जोराची, असं विश्वजीतनं आधीच बघून ठेवलं होतं. मग त्याच्या गाडीमागे कोणीतरी ट्रक लावला म्हणून तो बाहेर धावला, आणि फिरण्याची परीक्षा घ्यायला राहिले मी.

काउंटरच्या त्या बाजूला दत्ताराम, या बाजूला मी, मध्ये मोटर. त्यानं वायर लावली. मी डोळ्यात तेल घालून बघितलं. अगदी जात्यासारखी! मी म्हटलं, बांध.

विश्वजीत आत येऊन विचारतो, "बघितलंस ना नीट?" मी म्हटलं, तुझी आजी बघायची तेवढं नीट.

लीलाबाई


हमद टाउन, रविवार, ३० नोव्हेंबर

विहीणबाई,

मोटर निघाली. इथल्या इस्पितळातली एक पोरगी निहारच्याच गावी नोकरीला चाललीय, तिच्या सामानात घातली. वरून माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलाय. कस्टमवाल्यानं उघडलं तर लुगड्यातली मोटर बघून त्याला वाटेल, या लोकांत मोटरीचंही बारसं करतात.

त्याच डब्यात जवसाची चटणी आहे. तिखट आहे, तुम्हाला झेपेल तशी खा. आणि अगदी तळाला एक पुडकं आहे, सुतळीनं बांधलेलं. ते आत्ता उघडायचं नाही. शेगडी पेटली, घर गरम झालं, तुम्ही स्वेटर काढलात की मग उघडायचं. आधी उघडलंत तर मला कळेल. कसं कळेल ते विचारू नका.

मेधाला विचारलं तर ती म्हणते, मलाही माहीत नाही पुडक्यात काय आहे. खरं सांगते बिचारी.

तिची तब्येत बरी आहे. पाय जरा सुजतात. चालायला नेते तिला संध्याकाळी, चौकाला एक फेरी मारून परत. चालताना बोलत नाही फारशी. काल म्हणाली, "अहो आई, पहिल्या वेळी मला दोन्हीकडून ओरडा बसायचा, तेव्हा वैताग यायचा. आता कोणी एकच ओरडणारं असेल तर कसं वाटेल?" हे वाक्य ती लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, नाहीतर मी लाईबाकडून लिहून घेते. लाईबा म्हणजे शेजारची, पेशावरची. तिला मराठी येत नाही, पण माझ्यासाठी शिकेल.

आता लिहिता लिहिता मेधा मध्येच उठली. तिला उकडतंय, आणि तिच्या खोलीतल्या एसीचा रिमोट सापडत नाही. गादी उचलून झाली, सोफा ओढून झाला, मैत्रीला दम देऊन झाला. मला विचारते, "तुम्ही पाहिलात का?" तुम्हीच सांगा विहीणबाई, या वयात मला काय दिसतं? मी खिडकी उघडून दिली. छान वारं येतंय.

लीलाबाई


हमद टाउन, गुरुवार, ११ डिसेंबर

विहीणबाई,

तुमचा निरोप मिळाला. "लीलाबाईंना सांग, मोटर मागितली होती, फुंकर पाठवलीत."

मेधानं हा निरोप मला दोन दिवस सांगितला नाही. सहा डिसेंबरला इथल्या मंडळींनी हॉलमध्ये वंदना ठेवली होती, तिथे सगळ्यांदेखत विश्वजीतच्या तोंडून निघालं. काय सांगू! माझ्या शेजारी बसलेल्या बाया मला विचारताहेत, लीलाबाई, कसली फुंकर?

तर म्हणे मोटर बसली, फिरली, पण हवा येते ती म्हाताऱ्यानं चहा निववावा तशी. शेगडी पुन्हा तापते आणि विझते. विश्वजीतनं ऐकताक्षणी सांगितलं, उलटी फिरतेय. पंख्याची पाती एका बाजूला वाकलेली असतात, उलटी फिरली तर हवा ढकलायच्या ऐवजी घोळवत बसतात.

मी म्हटलं, शक्य नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मग प्रभावतीबाईंनीच जातं कधी ओढलं नसेल, त्यांच्याकडे गिरणी असेल. मेधा रागावली. म्हणाली, "माझ्या आईनं दळलंय, तिच्या हाताला अजून घट्टा आहे." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पहिल्यांदाच विहीणबाई, या घरात पहिल्यांदाच तिनं माझ्यावर दार लावलं.

मी बाहेर गॅलरीच्या काचेच्या दाराशी बसले. डोक्यात एकच, मी कशी चुकेन? काचेवर बोटानं जातं फिरवून बघत होते, असं, असं. गॅलरीत मैत्री खेळत होती. ती पलीकडून आली, माझं बोट बघून तीही काचेवर फिरवायला लागली. आणि ओरडली, "आज्जी, यू आर गोइंग राँग वे!"

मी म्हटलं, तूच चुकतेस. ती म्हणाली, नाही, तूच. दोघी काचेवर बोटं टेकवून भांडतोय. तिनं माझ्या बोटाला बोट लावलं आणि माझ्याबरोबर फिरवलं. "सी? माझ्याकडून उलटं!"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जातं जमिनीवर असतं हो विहीणबाई. त्याला वरच बाजू असते, खालून कोणी बघत नाही. तुम्ही समोर बसा, मी समोर बसू, दोघींना सारखंच दिसतं. मोटर मात्र आडवी. तिला पुढची बाजू आहे आणि पाठ आहे. तुम्ही शेगडीचं झाकण काढून बघत होतात, म्हणजे पंखा तुमच्याकडे तोंड करून. आणि दत्तारामच्या काउंटरवर दांडा होता त्याच्याकडे, माझ्याकडे होती पाठ.

म्हणजे तुम्ही खरं सांगितलंत. आणि मीही खरं बघितलं. एवढंच की आपण दोघी एकाच मोटरीच्या दोन बाजूंना बसलो होतो.

मी मेधाचं दार वाजवलं. म्हटलं, उघड, तुझी आई बरोबर होती. दार एवढ्या झटक्यात उघडलं की मी आतच पडायची. म्हणाली, "हे लिहून देता?" हे बघा, देतेय.

(सासूबाई म्हणाल्या, आई बरोबर होती. तारीख वर आहे. मी ही ओळ फ्रेम करून घेणार. — मेधा)

मीही बरोबर होते, तेही लिही म्हटलं. लिहिलंस का? लिहिलंय म्हणते.

आता उपाय. विश्वजीत म्हणतो, दुसरी मोटर नको. हिचेच दोन स्क्रू काढायचे, मधला फिरणारा गोळा बाहेर ओढायचा, त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला करून परत घालायचा. मग ती उलट फिरेल, म्हणजे सुलट. उद्या त्याला सुट्टी, निहारला दुपारनंतर वेळ आहे. फोनवर चित्र लावून करू. तुम्ही टॉर्च धरा. माझ्याशी बोलायची काही गरज नाही.

पुडकं उघडलं नाहीत ना अजून?

लीलाबाई


हमद टाउन, मंगळवार, १६ डिसेंबर

विहीणबाई,

आज इथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी. रस्त्यावर लाल-पांढरे झेंडे, गाड्यांचे भोंगे, आणि मैत्रीच्या गालावर रंग. त्या गोंधळात हे लिहवून घेतेय.

त्या शुक्रवारचं आधी. फोनच्या त्या चित्रात तुम्ही दिसलात आणि मी म्हटलं, अरे, ह्या तर बारीक झाल्या! दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला टोपी. टॉर्च धरलीत ती निहारच्या डोळ्यात. विश्वजीत ओरडतोय, "स्क्रूवर धरा, स्क्रूवर!" तुम्ही म्हणताय, "मेधा, तुझ्या नवऱ्याला सांग, हळू बोल." मी म्हणतेय, "मेधा, तुझ्या आईला सांग, हात जरा डावीकडे." तुम्ही म्हणताय, "मेधा, सांग त्यांना, माझं डावं की त्यांचं डावं?" आणि बिचारी मेधा मध्ये, आठव्या महिन्याचं पोट घेऊन, दोन्हीकडे निरोप पोचवतेय. फोन एकच, आवाज सगळ्यांना ऐकू येतोय, तरी निरोप मात्र तिच्यातूनच!

गोळा उलटा बसला. निहारनं बटण दाबलं. आधी नुसती घरघर. मग तुमच्या शालीचा पदर हलला. मग तुमच्या टोपीतून सुटलेली पांढरी बट उडाली. तुम्ही शेगडीसमोर तळहात धरून उभ्या राहिलात, आणि थोड्या वेळानं टोपी काढलीत. इकडे मेधानं माझा हात असा धरला होता की बांगडी रुतली.

पण त्यानंतर तुमच्याकडून काही नाही. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवार गेला. मोटर चालू, शेगडी चालू, घर गरम, कारण संपलं, आणि तरी काही नाही. मेधा सारखा फोन बघे आणि ती बघत नाही असं मला वाटावं म्हणून भाजी निवडत बसे. मेथीची पूर्ण जुडी तिनं काडीकाडी केली. मला पहिल्यांदाच वाटलं, शेगडी दुरुस्त करून मी चुकले की काय. बंद शेगडीमुळे आई येत नाही, हे तरी ऐकवत होतं. शेगडी सुरू असून येत नाही, हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगू?

आणि आज सकाळी माझा फोन वाजला. मेधाचा नाही, माझा. मला नाव वाचता येत नाही, पण मैत्रीनं प्रत्येक माणसाचा फोटो लावून दिलाय. तुमचा फोटो होता, मैत्रीच्या वेळचा, कपाळाला आठ्या घातलेला. मी उचलला.

तुम्ही "जय भीम" म्हणालात. मीही म्हणाले. मग तुम्ही विचारलंत, "पुडकं उघडलं. रिमोट आहे. सेल येताना मी आणू, की तिथे आहेत?"

विहीणबाई, माझी वाचा गेली. आयुष्यात असं झालं नव्हतं, हवं तर विश्वजीतला विचारा. मागून मेधा म्हणतेय, "कोण आहे? काय म्हणते?" आणि मी नुसती फोन धरून उभी. तुम्ही "बरं, ठेवते" म्हणून ठेवलात. मेधाला सांगितलं तेव्हा ती रडली, हसली, आणि मग माझ्यावरच चिडली, "म्हणजे रिमोट तुम्ही!"

म्हणून फोनवर राहिलेलं उत्तर आता देते.

सेल आणू नका. सेल इथे आहेत, माझ्या पदराच्या गाठीत. पुडकं बांधतानाच काढून ठेवले होते. रिमोट तुमच्या उशीखाली ठेवा, सेल माझ्या गाठीत राहतील. तुम्हाला एकटीला एसी बंद करता येणार नाही आणि मला एकटीला लावता येणार नाही. बाळंतिणीला उकडलं की दोघींनी उठायचं, दोघींनी बसून ठरवायचं. विश्वजीत म्हणाला, "आई, एसीच्या अंगावरही बटण असतं." त्याला मी गप्प केलंय, तुम्हीही ऐकलं नाही असं समजा.

आणि यंदा बाळ जानेवारीत येतंय. तेव्हा इथेही अंगावर शाल लागते. लाईबाकडे निखारे ठेवायची छान पितळी शेगडी आहे, मी मागून ठेवलीय. धुरी गॅलरीचं दार उघडून करू. छतावरचं यंत्र तरीही किंचाळलंच, तर या वेळी खाली उतरताना माझा हात धरा. मी हसणारच आहे, तुम्ही शेजारी असलात तर वॉचमनला वाटेल, दोघींचीच काहीतरी गंमत आहे.

राळेगावची ज्वारी मिळत असेल तर आणा. इथे जातं नाही, पण मिक्सर आहे. तो कोणत्या बाजूनं फिरतो, ते आपण दोघी एकाच बाजूला उभं राहून बघू.

तुमची विहीण,
लीलाबाई

(आई, लवकर ये. हे वाक्य कोणी सांगितलेलं नाही. — मेधा)